उजवीकडची सीट

लख्ख ऊन पडलेलं असताना जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या रस्त्यावर एखाद्या गाडीचे वायपर खरखर करत फिरताना दिसले, की समजावं, आत आपल्याकडचा माणूस बसलाय आणि त्याला वळायचंय. पुण्यातल्या आमच्या गाडीत वळणाचा दिवा उजव्या हाताला होता, इथे तो डाव्या हाताला. सवयीने हात उजवीकडे जातो आणि दिवा लागायच्या ऐवजी कोरडी काच पुसली जाते. माझ्या नवऱ्याने पहिलं वर्ष असंच काढलं. कधी कधी तर दार उघडून उजवीकडे बसायचा, समोर स्टिअरिंग दिसलं नाही की माझ्याकडे बघायचा. जसं काही मीच ते कुठेतरी आवरून ठेवलंय.

माझं तसं काही झालं नाही, कारण पुण्यात मी दुचाकीच्या पुढे कधी गेलेच नव्हते. चारचाकी शिकले ती इथे, पस्तिसाव्या वर्षी आणि दोनदा नापास होऊन. इथला परीक्षक मागच्या सीटवर बसतो, अवाक्षर बोलत नाही आणि शेवटी "आल्झो", म्हणजे "तर मग", अशी सुरुवात करतो, तेव्हाच कळतं की आपला निकाल लागला. दुसऱ्या वेळी मी नापास झाले ती 'रेख्ट्स फोर लिंक्स'पायी. म्हणजे ज्या चौकात पाटी नाही, दिवा नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. उजवीकडून एक म्हाताऱ्या बाई आपल्या छोट्या गाडीतून रमतगमत येत होत्या आणि मी पुढे निघून गेले. तिसऱ्यांदा पास झाले. त्या आठवड्यात निळी, जुनी, पाच दारांची गाडी घेतली आणि मनाशी ठरवलं, आता या गाडीत मला कोणी काही शिकवायचं नाही.

हे ठरवताना मला माहीत नव्हतं की त्या गाडीत एक दिवस माझे सासरे बसणार आहेत.

बाबांनी सातारच्या डेपोतून लाल एसटी चालवली, अठ्ठावीस वर्षं. घाटातली, आडवळणाची, मुक्कामाची, कुठलीही. त्यांच्याकडे रस्त्यांशिवाय दुसरा विषय नव्हता आणि रस्त्यांचा विषय निघाला की दुसरं कोणी बोलायचं नाही. एकदा जेवताना मी विचारलं, "एवढी लांबलचक गाडी, मागच्या दारात कोण चढतंय, कोण लोंबकळतंय, हे तुम्हाला कळायचं कसं?" ते म्हणाले, "कळायचं न्हाईच. कंडक्टर दोरी ओढायचा. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. डबल मिळाल्याबिगर मी कधी गाडी हलवली न्हाई. साहेब गाडीत बसलेला असू दे, न्हाईतर मंत्री." असं म्हणून त्यांनी बोट वाकवून ताटाशेजारी दोनदा टकटक केली आणि आमटी वाढून घेतली.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. त्याच वेळी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यामुळे ऑपरेशन पुढे पुढे ढकललं गेलं. नियमाप्रमाणे त्यांना गाडीवरून उतरवून डेपोच्या फाटकावर बसवलं. आतबाहेर करणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे, एवढंच काम. पुढे ऑपरेशन झालं, डोळे लख्ख झाले, पण तोवर नोकरी संपली होती. ही गोष्ट त्यांनी मला कधीच सांगितली नाही. नवऱ्याने सांगितली होती आणि बजावलंही होतं, "बाबांसमोर डोळ्यांचा विषय काढू नकोस. त्यांना फार लागतं ते."

सासूबाई गेल्यानंतरच्या जूनमध्ये बाबा आमच्याकडे आले. मी त्यांना प्रेमाने पुढच्या सीटवर बसवायचे. जर्मनीतली पुढची सीट म्हणजे उजवीकडची, म्हणजे बाबांची आयुष्यभराची जागा. फक्त समोर स्टिअरिंग नव्हतं. बसल्या बसल्या त्यांचे हात वर यायचे, काही सापडायचं नाही, मग मांडीवर जायचे. पाय मात्र कामावर हजर असायचे. मी ब्रेक मारायच्या आधी त्यांचा उजवा पाय चटईवर दाबला जायचा. आणि तोंड चालू. "हळू. सायकल हाय. आता उतार लागंल, गिअर खाली घे. त्येला जाऊ दे, त्येला घाई हाय." वाहनांची अशी आस्थेने चौकशी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण मी दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालेली बाई होते आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर राहायला असतो.

जुलैत माझ्या ऑफिसने मला पाच महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवायचं ठरवलं. मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरची तपासणी करते आणि तिकडच्या एका लहान गावात आमच्या कंपनीचं काम अडकलं होतं. ते गाव असं की आठवड्याची भाजी आणायलाही गाडी हवी. मी म्हटलं, माझीच घेऊन जाते. विमा कंपनीला विचारलं, थोड्या महिन्यांसाठी जर्मन नंबरप्लेट चालेल असं कळलं. नवरा म्हणाला, "अगं, तिकडे डावीकडून चालवतात. तिथली भाड्याने घे ना, उजव्या स्टिअरिंगची. पुण्यासारखीच, सोप्पी."

"तुला सोपी," मी म्हटलं. "मला पुण्याची कुठे येते? मला हीच येते."

ऑफिसमधला एक सहकारी अशीच गाडी घेऊन इंग्लंडला राहून आला होता. त्याने एकच गोष्ट नीट समजावली. डावीकडच्या रस्त्यावर डाव्या स्टिअरिंगची गाडी म्हणजे चालवणारा पार कडेला, गटाराजवळ. पुढे ट्रक असला की त्याच्या पलीकडून काय येतंय हे चालवणाऱ्याला दिसतच नाही. ते दिसतं उजवीकडे बसलेल्याला. "गेनाऊ, नेमकं हेच लक्षात ठेव," तो म्हणाला. "पहिले काही दिवस तिथे भरवशाचं माणूस बसव." नवऱ्याने लगेच आठ दिवसांची सुट्टी टाकली. मी चालवणार, तो बघणार. परत जायच्या आधी बाबांनाही चार दिवस इंग्लंड दाखवावं म्हणून त्यांचा व्हिसा आधीच काढलेला होता. ते मागे बसणार आणि तिथूनच सातारला जाणार. बेत अगदी छान होता.

निघायच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. शनिवारी दुपारी मी आणि बाबा किराणा घेऊन येत होतो. घराजवळच्या चौकात पाटी नाही, दिवा नाही. म्हणजे तेच, रेख्ट्स फोर लिंक्स. मी वळणार एवढ्यात बाबा जोरात ओरडले, "थांब!"

मी करकचून ब्रेक मारला. मागच्या पिशवीतली अंडी फुटली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. जर्मनीत हॉर्न म्हणजे आपल्याकडची शिवीच. माझं डोकं फिरलं.

"बाबा, गाडी मी चालवतेय ना? तुम्ही गप्प बसा. आणि ओरडताय एवढे, तुम्हाला तरी नीट दिसतंय का?"

तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. शब्द संपायच्या आत कळलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत राहिले.

इथे मला एक कबूल करायचंय. उजवीकडून एक सायकलवाला आला होता. बाबा ओरडले, मी थांबले आणि तो माझ्या गाडीच्या नाकासमोरून शिट्टी वाजवत निघून गेला. मला तो दिसला नव्हता. मी घाबरले होते, आणि भीतीला तोंड नसतं म्हणून ती रागाचं तोंड उसनं घेते. मी माफी मागितली नाही. घरी येऊन अंडी पुसली.

त्या दिवसापासून बाबा गाडीत मागे बसायला लागले. बोलणं बंद. घरातही विचारलं तेवढंच उत्तर. आठवडाभराने नवरा म्हणाला, "बाबा तिकीट अलीकडचं कर म्हणतायत. इंग्लंड नको म्हणाले. काय झालं?" मी काय झालं ते सांगितलं. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "असं बोललीस तू त्यांना?" आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मला इतकी लाज वाटली की रात्रभर मी माफीची वाक्यं जुळवत होते, आणि सकाळी चहा देताना एकही बाहेर पडलं नाही. म्हटलं, आज बोलू, उद्या बोलू. तिकीट बदललं गेलं. मी शुक्रवारी निघणार होते, बाबा पुढच्या मंगळवारी.

गुरुवारी सकाळी नवऱ्याने सामान गाडीत भरायला घेतलं. कुकर, तवा, पोळपाट, पाच किलो तांदूळ, पाच महिने पुरतील एवढी भाजणी आणि मेतकूट. सगळं एकाच पेटीत कोंबून त्याने ती एकट्याने उचलली आणि "आई गं" म्हणून तिथेच वाकडा झाला. डॉक्टरने पंधरा दिवस आडवं राहायला सांगितलं. सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं. अडला हरी... पुढची म्हण उच्चारायची सोय नव्हती, कारण समोर सासरे होते.

बाबा खिडकीशी लसूण सोलत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, माझ्याबरोबर याल का? उजवीकडे बसायला कोणीतरी हवं."

त्यांनी हातातली पाकळी सोलून पूर्ण केली. "मी बसून काय करू?" ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी सहकाऱ्याने सांगितलेलं सगळं सांगितलं, कागदावर रस्ता काढून दाखवला. ट्रक कुठे, आपण कुठे, समोरचा कुठे. त्यांनी कागद दूर धरून पाहिला.

"बरं," ते म्हणाले. बस, एवढंच.

दुपारी मी खाली गेले तर बाबा गाडीपुढे उकिडवे बसले होते. जर्मनीतल्या गाड्यांचे दिवे उजवीकडे झुकलेले असतात आणि इंग्लंडमध्ये ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात, म्हणून त्यावर लावायला चिकट पट्ट्या मिळतात. त्या मी अशाच सीटवर टाकल्या होत्या. बाबांनी घरातली मोजपट्टी आणून, मापं घेऊन त्या लावल्या होत्या. चाकांची हवा बघून झाली होती, ऑइल बघून झालं होतं. सकाळी निघताना त्यांनी चारही चाकांखाली लिंबं ठेवली. तळमजल्यावरच्या जर्मन आजी खिडकीतून बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. मी गाडी पुढे घेतल्यावर मात्र खाली येऊन चिरडलेली लिंबं उचलली आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

रेगेन्सबर्ग ते समुद्र, हजार किलोमीटर. बाबा उजवीकडच्या सीटवर बसले होते आणि मी सांगितल्याप्रमाणे गप्प होते. हळू नाही, उतार नाही, कुणाला घाई आहे त्याची चौकशी नाही. पायसुद्धा हलत नव्हता. "पाणी देऊ?" एवढं दोनदा विचारलं. फ्रँकफर्टच्या पुढे एक ट्रक अचानक माझ्या रांगेत घुसला, मी ब्रेक मारला, तरी ते काही बोलले नाहीत. नुसता सीटबेल्ट घट्ट धरला. मला वाटलं, आता ओरडा की हो. बेल्जियमच्या सीमेजवळ आखनला मुक्काम केला. जेवताना मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी..." तेवढ्यात वेटर आला, बाबांना काय हवं ते समजावण्यात विषय गेला आणि मी भित्री, तो पुन्हा काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीसकट आगगाडीत बसून समुद्राखालून पलीकडे निघालो. बाहेर पडल्याबरोबर जग आरशात पाहिल्यासारखं उलटं झालं. मोठ्या रस्त्यावर तितकंसं काही वाटलं नाही, सगळे एकाच दिशेला चाललेले. मी डावीकडची रांग धरली आणि जीव मुठीत धरून तीन तास काढले. शेवटचे चाळीस किलोमीटर मात्र अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडोरा, वळणावर वळण. आणि पुढे ट्रॅक्टर, त्याला मागे जोडलेली गवताच्या गासड्यांची ट्रॉली.

तो बैलगाडीच्या चालीने चालला होता. माझ्यामागे गाड्यांची रांग लागली. मी थोडी उजवीकडे सरकून बघायचा प्रयत्न केला. गवतच गवत. आणखी सरकले तर समोरून येणारी गाडी भुर्रकन अगदी जवळून गेली. मी परत कडेला आले. मागचा अंगावर आल्यासारखा चिकटला होता. मला रडू यायला लागलं. आणि तोंडातून निघालं,

"बाबा, दिसतंय का?"

तेच शब्द होते. मला ऐकू आले तसे त्यांनाही आले असणार. मी समोरच्या गवताकडे बघत राहिले, मान वळवायची हिंमत नव्हती.

बाबा सीटवर पुढे सरकले. खिडकीकडे झुकले.

"दिसतंय," ते म्हणाले. "समोरनं पांढरी गाडी येतीय. जाऊ दे तिला." पांढरी गाडी गेली. "तिच्यामागं अजून एक हाय. वळण हाय पुढं, वळण संपू दे. घाई करू नको, मागचा बोंबलू दे. तू अंतर ठेव जरा, लई चिकटलीस." मी अंतर ठेवलं. वळण संपलं. बाबांनी पुढचा रस्ता पुन्हा एकदा पाहिला. आणि मग त्यांनी बोट वाकवून डॅशबोर्डवर टकटक केली. दोनदा.

मी गाडी बाहेर काढली. समोर लांबपर्यंत सरळ, मोकळा रस्ता होता. ट्रॅक्टर मागे पडला.

पुढच्या पेट्रोल पंपावर मी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. हुंदके देऊन. बाबा बावरले. पाण्याची बाटली उघडून हातात दिली.

"त्या दिवशी सायकलवाला होता, बाबा," मी म्हटलं. "मला दिसला नव्हता. तुम्हाला दिसला. आणि मी तुम्हाला तसं बोलले."

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

"मग तेव्हाच सांगायचं ना मला!"

"तू 'गप्प बसा' म्हणालीस." असं म्हणून ते थोडं हसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोरी, दिसत न्हाई ह्यात काय लाज? मागचं दार मला तरी कुठं दिसायचं? अठ्ठावीस वर्षं चालवलीच की गाडी. इचारायचं."

बाबा चार दिवसांसाठी म्हणून आले होते, ते मंगळवारचं तिकीट पुढे ढकलून पाचही महिने राहिले, व्हिसा सहा महिन्यांचा होताच. रोज सकाळी मला ऑफिसला सोडायला म्हणून उजवीकडे बसायचे आणि मी उतरल्यावर गावात फिरून तीन किलोमीटर चालत घरी जायचे. पहिल्या आठवड्यानंतर मला सराव झाला होता, पण मी तसं त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. गोल चौकात उजवीकडून येणारी गाडी, अरुंद पूल, ट्रक, सगळीकडे त्यांची टकटक. एकदा पाऊण मिनिट ते टकटक करेनात. मी म्हटलं, "बाबा, मोकळं आहे की." तर म्हणाले, "बदकं चाललीत." खरोखर आई आणि मागे सहा पिल्लं रस्ता ओलांडत होती.

जानेवारीत परत निघालो. समुद्राखालून पलीकडे आलो, पट्ट्या काढल्या आणि रस्ता पुन्हा उजवीकडचा झाला. मला सगळं स्वच्छ दिसायला लागलं. बाबांच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. ते सीटवर मागे टेकले, हात मांडीवर ठेवले. बेल्जियम संपला, आखनचा मुक्काम झाला, दुसऱ्या दिवशी न्यूर्नबर्ग गेलं. ते बोलत होते, बदकांचं, डेपोचं, सासूबाईंचंसुद्धा. पण बोट वाकलं नाही. आठ दिवसांनी त्यांचं विमान होतं.

रेगेन्सबर्गला पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे चार वाजले होते. घराजवळचा तोच चौक आला. मी गाडी थांबवली. उजवीकडचा रस्ता मला पार शेवटपर्यंत दिसत होता, एकही सायकल नव्हती. मी थांबूनच राहिले. मागच्याने हॉर्न दिला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं गं? मोकळं तर हाय."

"बेल कुठे दिलीत, बाबा?" मी म्हटलं. "बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नसते."

मागच्याने पुन्हा हॉर्न दिला. बाबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते पुढे सरकले, खिडकीकडे झुकले, उजवीकडचा रस्ता टोकापर्यंत नीट बघून घेतला. मग डॅशबोर्डवर दोनदा टकटक केली, आणि मी गाडी सोडली.